आठ इंची लॅपटॉपवर लिनक्स: स्क्रीन, सेन्सर, टॅबलेट मोड आणि झोप, तारखेनुसार नोंदी

मशीन: ८ इंची टचस्क्रीन, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई, बिजागरी पूर्ण मागे फिरून टॅबलेट होतो, कीबोर्डच्या मधोमध माउसऐवजी बोटाने चालवायचा छोटा ऑप्टिकल नब. डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार), कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१२, नोम ४८ (डेस्कटॉप) वेलँडवर (खिडक्या पडद्यावर दाखवणारी यंत्रणा). डिस्क एन्क्रिप्टेड. कमांड आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, आणि जिथे कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलंय.

६ सप्टेंबर २०२५

इन्स्टॉलर उघडला तो आडवा पडलेला. मान वाकडी करून सगळं इन्स्टॉल केलं, वायफाय, आवाज, कॅमेरा लगेच चालले, त्यांच्याबद्दल पुढे काही लिहिणार नाही. आडवं पडण्याचं कारण असं की आतलं पॅनल १२०० बाय १९२० चं आहे, म्हणजे मुळात उभं, टॅबलेटसाठी बनवलेलं, आणि या केसमध्ये ते आडवं करून बसवलंय. विंडोजच्या ड्रायव्हरला हे सांगून ठेवलेलं असतं, लिनक्सला कुणी सांगितलेलं नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच, सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रीन उजवीकडे फिरवली. डेस्कटॉप सरळ झाला. लॉगआउट केलं तर लॉगिन स्क्रीन परत आडवी, कारण ती सेटिंग माझ्या युजरच्या ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ मध्ये आणि लॉगिन स्क्रीन चालते वेगळ्या युजरवर. ती फाइल ‘/व्हार/लिब/जीडीएम३/’ च्या कॉन्फिगमध्ये कॉपी केली, लॉगिन सरळ. रीबूट केलं तर डिस्कचा पासवर्ड विचारणारी स्क्रीन आडवी. त्यासाठी कर्नलच्या ओळीत (बूट होताना त्याला दिलेले पर्याय) ‘एफबीकॉन=रोटेट:१’ टाकलं, त्याने नुसता टेक्स्ट कन्सोल फिरला.

म्हणजे एकच गोष्ट तीन जणांना तीन ठिकाणी सांगून झाली. वर टच बिघडला, कारण जुन्या मशीनवरून आणलेल्या माझ्या यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून त्याच्या सेटिंग लावणारा भाग) फाइलींमध्ये टचचं कॅलिब्रेशन मॅट्रिक्स, म्हणजे बोटाची जागा स्क्रीनवरच्या जागेशी जुळवणारे आकडे, पण होतं, एक्स११ च्या, म्हणजे वेलँडच्या आधीच्या यंत्रणेच्या, काळातलं. डावीकडे बोट ठेवलं की खाली क्लिक व्हायचं. आज इथेच थांबवलं.

७ सप्टेंबर

सकाळी सगळं उपसून खालून सुरुवात केली. कर्नललाच सांगता येतं की हे पॅनल कुठल्या बाजूने बसवलंय, आणि मग कन्सोल, पासवर्ड स्क्रीन, लॉगिन, डेस्कटॉप सगळे तिथूनच वाचतात. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ (ग्रब म्हणजे कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) मधल्या कर्नलच्या ओळीत हे टाकायचं:

व्हिडिओ=ईडीपी-१:पॅनल_ओरिएंटेशन=राइट_साइड_अप

मग ‘अपडेट-ग्रब’ आणि रीबूट. पॅनलचं नाव ‘/सिस/क्लास/डीआरएम’ मध्ये बघायचं, कार्ड नंबरच्या पुढे लिहिलेलं असतं, काही मशीनवर ते डीएसआय-१ असतं. नाव जसंच्या तसं हवं, माझ्याकडे पहिला ‘ई’ लहान आणि डीपी कॅपिटल. मी सगळंच लहान अक्षरात लिहिलं होतं आणि कर्नल याबद्दल एक अक्षर बोलत नाही, चूक म्हणत नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसतं दुर्लक्ष करतो. त्यामुळे आधी वाटलं की हा पर्यायच या मशीनवर चालत नाही आणि बराच वेळ भलतीकडे शोधत बसले.

नाव दुरुस्त केल्यावर पासवर्ड स्क्रीन सरळ, लॉगिन मात्र आडवंच, पण आता उलट्या बाजूला. कालची ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ अजून तिथे होती ना, कर्नलने फिरवलेलं तिने परत फिरवलं. दोन्हीकडची फाइल उडवली, एफबीकॉनचा पर्याय काढला, टचचं मॅट्रिक्स काढलं. आता सेटिंग्जमध्ये स्क्रीन ‘नॉर्मल’ दिसते आणि ती खरंच सरळ आहे, टच पण बरोबर, कारण टचची काच पॅनललाच चिकटवलेली आहे आणि पॅनल फिरलेलं आहे हे कळलं की वेलँड टच आपोआप त्याच्याबरोबर फिरवतो.

तुमच्याकडे सगळं डोक्यावर उभं राहिलं तर राइटच्या जागी लेफ्ट. ग्रबचा मेनू आडवाच राहणार, बायोसही आडवाच, तिथे कर्नल अजून आलेलाच नसतो. त्यासाठी खटपट करण्यात मला काही अर्थ वाटत नाही, मेनू लपवून टाकला.

१३ सप्टेंबर

आजचा विषय ॲक्सिलरोमीटर (मशीन कुठल्या बाजूला कललंय ते सांगणारा सेन्सर), म्हणजे मशीन फिरवलं की स्क्रीन फिरायला हवी. ‘आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’ (सेन्सर वाचून डेस्कटॉपला कळवणारी सर्व्हिस) इन्स्टॉल केलं की ‘मॉनिटर-सेन्सर’ नावाची कमांड मिळते, ती चालू ठेवून मशीन हातात फिरवायचं, मग ती नॉर्मल, बॉटम-अप, लेफ्ट-अप, राइट-अप असं सांगत राहते. माझ्याकडे सांगत होती पण सगळं चुकीचं.

सेन्सरची चिप बोर्डवर कशीही सोल्डर केलेली असू शकते, त्यामुळे तिच्या एक्स-वायचा आपल्या एक्स-वायशी संबंध जोडून द्यावा लागतो. त्याचं मॅट्रिक्स यूडेव्हच्या हार्डवेअर डेटाबेसमध्ये लिहायचं. फाइल ‘/ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/६१-सेन्सर-लोकल.एचडब्ल्यूडीबी’. पहिल्या ओळीत सेन्सरची ओळख, ‘सेन्सर:मोडअलायस:’ आणि पुढे चिपचं एसीपीआय नाव, म्हणजे मशीनच्या फर्मवेअरने (आत कायम बसवलेल्या प्रोग्रामने) तिला दिलेलं नाव. दुसऱ्या ओळीत कॅपिटलमध्ये ‘ॲक्सेल_माउंट_मॅट्रिक्स=’ आणि नऊ आकडे, दर तीन आकड्यांनी अर्धविराम. दुसरी ओळ एक स्पेस देऊन सुरू करायची, ती स्पेस विसरलात तर त्या ओळीचा काहीही परिणाम होत नाही. नंतर ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’, मग ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’, मग सेन्सर-प्रॉक्सीची सर्व्हिस रीस्टार्ट. या तिन्हीतलं एक राहिलं तरी जुनंच मॅट्रिक्स चालू राहतं आणि आपण नवीन आकडे तपासतोय असं समजत बसतो. खात्री करायची तर ‘यूडेव्हएडीएम इन्फो’ ने त्या सेन्सरचे गुणधर्म छापून बघायचे, मॅट्रिक्स तिथे दिसलं पाहिजे.

नऊ आकड्यांना घाबरू नका. प्रत्येक ओळीत एकच आकडा १ किंवा उणे १, बाकी शून्य. उभं-आडवं यातच गोंधळ असेल तर पहिल्या दोन ओळींची अदलाबदल. उभं-आडवं बरोबर पण डावं-उजवं उलटं असेल तर पहिल्या ओळीचं चिन्ह बदला. नॉर्मल आणि बॉटम-अप उलटे असतील तर दुसऱ्या ओळीचं.

या हिशोबाने मी असं मॅट्रिक्स बसवलं की लॅपटॉप टेबलावर नेहमीसारखा ठेवला की ‘नॉर्मल’ येतं. खूश होऊन डेस्कटॉपवर बघते तर स्क्रीन आडवी फिरलेली. परत पहिल्या दिवसासारखी. सरळ आकडे दिले तर डेस्कटॉप चूक, आकडे चुकवले तर डेस्कटॉप बरोबर, हे काय गौडबंगाल.

उत्तर सिस्टमडीच्याच (यूडेव्ह जिचा भाग आहे ती यंत्रणा) ‘६०-सेन्सर.एचडब्ल्यूडीबी’ या फाइलीच्या वरच्या कमेंटमध्ये आहे, आधी तीच वाचायला हवी होती. पॅनल केसमध्ये आडवं बसवलेलं असेल तर मॅट्रिक्सने सेन्सरचे अक्ष पॅनलच्या अक्षांशी जुळवायचे, केसच्या नाही. माझं पॅनल मुळात उभं आहे, म्हणजे लॅपटॉप टेबलावर सरळ ठेवला तेव्हा पॅनलच्या दृष्टीने ते एका कुशीवर पडलेलं आहे. त्यामुळे ‘मॉनिटर-सेन्सर’ ने तेव्हा ‘नॉर्मल’ म्हणायचंच नाही, लेफ्ट-अप किंवा राइट-अप म्हणायचं. नॉर्मल यायला हवं ते मशीन पुस्तकासारखं उभं धरल्यावर. हे कळल्यावर आकडे बदलायला काही मिनिटं लागली. फिरवलेलं पॅनल असलेल्या मशीनवर सगळ्यात जास्त लोक इथेच अडकत असणार, कारण इथे आकडे बरोबर असले की आउटपुट चुकीचं दिसतं.

१४ सप्टेंबर

कालचं चाललेलं आज रीबूट केल्यावर बिघडलं. परत रीबूट केलं तर चाललं. आणखी एकदा, बिघडलं.

‘/सिस/बस/आयआयओ/डिव्हायसेस’ मध्ये दोन ॲक्सिलरोमीटर निघाले. एक झाकणात, एक कीबोर्डच्या भागात, दोन्हींमधला कोन बघून बिजागरी किती उघडलीय ते काढायला. नावं केआयओएक्स०१०ए आणि केआयओएक्स०२०ए, पहिला डिस्प्लेतला, दुसरा खालच्या भागातला. दर वेळी कुठल्याला शून्य नंबर मिळेल आणि कुठल्याला एक याची खात्री नाही आणि प्रॉक्सी त्यातला एक उचलतो.

काहींनी यावर उपाय म्हणून बूट झाल्यावर दुसरा सेन्सर बंद करणारी स्क्रिप्ट लावलेली असते. तसं काही करायची गरज नाही, त्याच एचडब्ल्यूडीबी फाइलीत दुसऱ्या चिपसाठी ‘ॲक्सेल_लोकेशन=बेस’ अशी ओळ टाकायची, की प्रॉक्सी तिच्याकडे बघतच नाही. नाव सगळं कॅपिटल, ‘बेस’ लहान अक्षरात. तेव्हापासून हा त्रास संपला.

२० सप्टेंबर

टॅबलेट मोड. झाकण पूर्ण मागे वळवलं की कीबोर्ड बंद व्हायला हवा, नाहीतर मांडीवर ठेवल्यावर खाली बटणं दाबली जातात. हे काम एका स्विचच्या इव्हेंटवर चालतं. ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ (लिबइनपुट म्हणजे कीबोर्ड, माउस, टच यांचे इव्हेंट हाताळणारी लायब्ररी) लावून झाकण फिरवलं की ‘स्विच_टॉगल’ अशी ओळ यायला हवी. येत नव्हती, काहीच नाही.

इंटेलच्या मशीनवर हा इव्हेंट साधारण दोनपैकी एका ड्रायव्हरकडून येतो, इंटेल-व्हीबीटीएन किंवा इंटेल-एचआयडी. ‘एलएसमॉड’ मध्ये माझ्याकडे दुसरा. या ड्रायव्हरने टॅबलेट स्विच मुद्दामच झाकून ठेवलेला असतो, कारण काही मशीनचं फर्मवेअर कारण नसताना ‘मी टॅबलेट आहे’ असं सांगतं आणि मग साध्या लॅपटॉपचा कीबोर्ड मरतो. ते योग्यच आहे म्हणायचं. पण आपलं मशीन खरंच फिरणारं असेल तर ‘इंटेल_एचआयडी.एनेबल_एसडब्ल्यू_टॅबलेट_मोड=१’ हे कर्नलच्या ओळीत टाकायचं. १ म्हणजे पहिला इव्हेंट आल्यावर स्विच दाखव, २ म्हणजे ड्रायव्हर चालू होतानाच दाखव.

मी आधी २ लावलं, म्हटलं लवकर मिळेल तेवढं बरं. बूट झाल्यावर लॉगिन स्क्रीनवर कीबोर्ड बंद. फर्मवेअर पहिल्या वाचनात ‘टॅबलेट’ सांगत होतं, झाकण एकदा मागे वळवून पुढे आणलं की शुद्धीवर यायचं. बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडून आत शिरले आणि १ केलं. हा प्रयोग करताना जवळ यूएसबी कीबोर्ड ठेवाच.

आता नोममध्ये लॅपटॉप असताना स्क्रीन फिरत नाही, टॅबलेट केल्यावरच फिरते, आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड पण तेव्हाच वर येतो. आडवं पडून व्हिडिओ बघताना लॅपटॉप कलला की स्क्रीन गर्रकन फिरायची, ते पण त्यामुळे गेलं.

२१ सप्टेंबर

नबने स्क्रोल. लिनक्सला नब म्हणजे साधा माउस वाटत होता, चाक नसलेला नाही, चाक असलेला, कारण त्याचं फर्मवेअर ‘मला चाक आहे’ असं सांगतं. प्रत्यक्षात चाक कुठेही नाही. मला हवं होतं मधलं बटण दाबून नब सरकवला की पान सरकावं. नोमच्या सेटिंग्जमध्ये असा पर्याय सापडला नाही, आणि वेलँडवर एक्स११ च्या एक्सइनपुट कमांडच्या जुन्या युक्त्या चालत नाहीत.

परत तोच मार्ग, नब काय आहे ते लिनक्सला सांगून टाकायचं. यूडेव्हच्या नियमात त्या डिव्हाइसला ‘आयडी_इनपुट_पॉइंटिंगस्टिक’ ची किंमत १ द्यायची, सगळं कॅपिटल. लिबइनपुट अशा पॉइंटिंग स्टिकला स्वतःहून मधल्या बटणाचं स्क्रोल देतो. नियमाच्या फाइलीचा नंबर ६० च्या पुढचा ठेवा, नाहीतर सिस्टमचे नियम नंतर येतात आणि डिव्हाइसचं नाव जुळवायला लागणारी माहिती तोपर्यंत तयार नसते.

२७ सप्टेंबर

झोप. रात्री झाकण लावलं, सकाळी बॅटरी जवळपास रिकामी आणि मशीन कोमट.

‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ मध्ये फक्त एस२आयडल (प्रोसेसर नुसता निवांत ठेवणारी झोप), ‘डीप’ हा शब्दच नाही. म्हणजे जुनी एस३ झोप फर्मवेअरमध्ये नाहीच, तेव्हा कर्नलच्या ओळीत ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ लिहून काही होणार नाही, नसलेली गोष्ट कुठून देणार. एस२आयडलमध्येच खोल झोप लागायला हवी. ती लागली का ते ‘/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’ सांगतं, मागच्या झोपेतला किती वेळ हार्डवेअर खरंच झोपलं होतं ते मायक्रोसेकंदात. माझ्याकडे ठणठणीत शून्य.

तपासायची पद्धत: ‘आरटीसीवेक’ ला फ्रीझ मोड आणि ६० सेकंद द्यायचे, मशीन झोपतं आणि स्वतः उठतं, मग आकडा बघायचा. दर वेळी एकेक ड्रायव्हर काढून हेच करत राहायचं. कंटाळवाणं काम आहे पण दुसरा सोपा मार्ग नाही. वायफाय काढलं, शून्य. ब्लूटूथ, शून्य. टच, शून्य. एसडी कार्ड रीडर काढला आणि आकडा ५ कोटींच्या वर गेला, म्हणजे ६० सेकंदांपैकी ५० च्या वर.

रीडरमध्ये कार्ड नसतानाही तो जागा असतो आणि तो जागा असेपर्यंत प्रोसेसर खाली जात नाही. पीसीआयच्या फोल्डरमध्ये त्याच्या ‘पॉवर/कंट्रोल’ फाइलीत ‘ऑन’ होतं, तिथे ‘ऑटो’ लिहिलं की ड्रायव्हर न काढता पण झोप लागते. व्हेंडर आणि डिव्हाइस नंबर घालून यूडेव्हचा नियम केला म्हणजे दर बूटला लागू होतो.

पॉवरटॉप या वीज वाचवण्याच्या टूलचं ऑटो-ट्यून पण हे करतं, पण ते सरसकट सगळ्यांनाच ऑटो करतं, मग बाहेरचा यूएसबी माउस दोन क्षण न हलवता ठेवला की झोपतो आणि पहिली क्लिक खातो. ज्याचा त्रास आहे त्यालाच झोपवा.

४ ऑक्टोबर

बॅग बंद करून दोन दिवस मशीन पडून राहणार असेल तर हायबरनेट (उघडलेलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करणं) हवं. ‘/सिस/पॉवर/डिस्क’ उघडली तर ‘डिसेबल्ड’. कारण सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी बायोसची सेटिंग): तो चालू असला की डेबियनचा कर्नल लॉकडाउनमध्ये जातो आणि हायबरनेट बंद करतो. दोन्ही एकत्र मिळत नाही. डिस्क एन्क्रिप्टेड आहेच म्हणून मी सिक्युअर बूट बंद केलं, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

एक्सटी४ फाइलसिस्टमवर स्वॅप फाइल (रॅममधलं जिथे लिहून ठेवतात ती) केली, कर्नलच्या ओळीत ‘रिझ्यूम=’ ला ती फाइल ज्या फाइलसिस्टमवर आहे तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि ‘रिझ्यूम_ऑफसेट=’ ला ‘फाइलफ्रॅग -व्ही’ च्या पहिल्या ओळीतला फिजिकल ऑफसेटचा पहिला आकडा. चाललं. मग वाटलं फाइल लहान पडेल, ती पुसून मोठी केली, आणि पुढच्या वेळी उघडलेलं सगळं काम गायब, मशीन नव्याने बूट झालं. फाइल नवी झाली की डिस्कवरची जागा बदलते आणि ऑफसेट पण, तो परत काढून लिहायचा. एक्सटी४ ऐवजी बीटीआरएफएस असेल तर फाइलफ्रॅगचा आकडा चालत नाही, त्याची स्वतःची ‘मॅप-स्वॅपफाइल’ कमांड आहे.

मग ‘/ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फ’ मध्ये ‘हायबरनेटडिलेसेक’ ९० मिनिटं, आणि झाकण लावल्यावर ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’.

एक गोष्ट मात्र राहिली, हायबरनेटमधून उठल्यावर टच मेलेला असतो. ‘गुडिक्स_टीएस’ ड्रायव्हर काढून परत घातला की जिवंत. यासाठी शेवटी स्क्रिप्टच लावली, ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप/’ मध्ये, जी ‘प्री’ आल्यावर ड्रायव्हर काढते आणि ‘पोस्ट’ आल्यावर घालते. या सगळ्या सेटअपमधली ही एकच स्क्रिप्ट, मला आवडलेली नाही पण दुसरं काही सापडलं नाही.

५ ऑक्टोबर

किरकोळ. ८ इंचात १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला जवळपास २८३ पिक्सेल. २०० टक्के स्केलिंग केलं की हातात उरतं ९६० बाय ६०० आणि सेटिंग्जच्या खिडक्यांची खालची बटणं स्क्रीनच्या बाहेर जातात. १५० टक्के ठेवलं, १२८० बाय ८००, त्यात सगळं मावतं. खिडकी बाहेर गेलीच तर सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) दाबून कुठूनही धरून ओढता येते.

फिंगरप्रिंट रीडर: ‘एलएसयूएसबी’ मधला आयडी लिबएफप्रिंट (असे रीडर चालवणारी लायब्ररी) च्या यादीत नाही. सोडून दिलं.

११ ऑक्टोबर

स्क्रीनचं ओरिएंटेशन कर्नलमध्येच कायमचं घालायला पॅच करायला बसले. कर्नलमध्ये अशा मशीनची एक यादीच आहे, ‘डीआरएम_पॅनल_ओरिएंटेशन_क्वर्क्स.सी’, आणि त्यात मशीन ओळखतात डीएमआय (बायोसने दिलेली मशीनची माहिती) मधल्या कंपनीच्या आणि मॉडेलच्या नावावरून. ‘/सिस/क्लास/डीएमआय/आयडी’ मध्ये बघितलं तर माझ्या मशीनचं मॉडेलचं नाव ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’. बोर्डचं नाव, तेच. कारखान्यात कुणी भरलंच नाही. हे नाव यादीत घातलं तर ज्या ज्या मशीनवर कुणी नाव भरलं नाही त्या सगळ्यांच्या स्क्रीन आडव्या होतील.

त्या यादीत अशाच बिननावाच्या काही मशीनसाठी बायोसच्या तारखा आणि पॅनलचं रिझोल्यूशन दोन्ही जुळवलेलं आहे. म्हणजे माझ्या बायोसच्या सगळ्या आवृत्त्यांच्या तारखा गोळा करायला हव्यात, माझ्याकडे फक्त एक आहे. हेच मशीन कुणाकडे असेल तर त्याच फोल्डरमधली ‘बायोस_डेट’ फाइल बघून तारीख तेवढी पाठवा, तोपर्यंत कर्नलची ती ओळ हाताने टाकावी लागणार.